कुंडीतल्या चाफ्याला पानं भरपूर, पण फूल नाही: कारण कसं शोधायचं?

कुंडीत लावलेल्या चाफ्याची एकच तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकते आणि तीच निस्तरत आले आहे. झाड हिरवंगार आहे, पानं हातभर लांब झाली आहेत, उंची वाढते आहे, पण फूल येत नाही. किंवा फुलोरा येतो, आज उमलेल उद्या उमलेल असं वाटत असतानाच कळ्या गळून पडतात. लोक मग खत बदलतात, कुंडी बदलतात, फांद्या छाटतात, तेही सगळं एकाच आठवड्यात. त्यानंतर नेमकं काय बिघडलं होतं ते शोधणं जवळजवळ अशक्य होतं.

इथे चाफा म्हणजे राखाडी, मांसल फांद्यांचा, पान तोडलं की पांढरा चीक गाळणारा चाफा. सोनचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा ही वेगळ्या कुळांतली झाडं आहेत आणि खालचे उपाय त्यांना लागू पडत नाहीत.

हा चाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा. तिथल्या कोरड्या पानगळीच्या जंगलांत तो पावसात झपाट्याने वाढतो आणि लांबलचक कोरड्या हंगामात पानं टाकून गप्प उभा राहतो. जाड फांद्यांत पाणी साठवलेलं असतं, त्यावर तो तग धरतो. कुंडीतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. चाफा दुर्लक्षाने क्वचितच बिघडतो. त्याला नडतं ते जास्तीचं पाणी, जास्तीचं खत, गरजेपेक्षा मोठी कुंडी आणि कमी ऊन.

आधी लक्षणं नीट पाहा

- पानं मोठी, मऊ, गर्द हिरवी. फांदीवरचे जुन्या पानांचे वण एकमेकांपासून दूर दूर. फांद्या बारीक, उजेडाकडे झुकलेल्या. फुलोरा नाही. इथे संशय कमी उन्हावर किंवा जास्त नत्रावर.
- झाड ठणठणीत, फांद्या जाड, पानांचे वण जवळजवळ, तरी फूल नाही. झाडाचं वय आणि आधीची छाटणी तपासायची.
- फुलोरा निघतो, पण कळ्या पिवळ्या किंवा काळपट होऊन गळतात. फुलकिडे, पाण्याची अनियमितता किंवा तापमानातली अचानक घट.
- नव्या पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. लोह मुळांपर्यंत पोहोचत नाहीये.
- पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी पूड, हाताला लागते. तांबेरा.
- शेंडा काळा पडून वाळतो, खालची फांदी टणक असते. शेंडेमर.
- फांद्या सुरकुततात. याची दोन अगदी उलट कारणं आहेत, ती पाण्याच्या भागात सांगितली आहेत.
- बुंधा किंवा फांदी दाबल्यावर मऊ लागते, साल आत दबते. ही कूज आहे. बाकी सगळं सोडून आधी शेवटाकडचा कुजीचा भाग वाचा, कारण इथे आठवडाभर थांबणंही झाडाला परवडत नाही.

थंडीत पानं पिवळी होऊन गळणं हा दोष नाही. लाल, गुलाबी, पिवळ्या फुलांचा टोकदार पानांचा चाफा थंडीत निष्पर्ण होतो. गोल टोकाच्या चकचकीत पानांचा पांढरा चाफा उबदार हवेत पानं धरून ठेवतो. त्यामुळे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कुंड्यांपैकी एकच उघडी पडली, तर घाबरू नका.

हात लावण्याआधी एक नियम मात्र पाळा: एका वेळी एकच बदल, आणि त्याची तारीख लिहून ठेवा. चाफ्याला दिलेल्या उपायाचं उत्तर बहुतेकदा पुढच्या फुलण्याच्या हंगामात मिळतं. इतक्या उशिरा मिळणारं उत्तर तीन बदलांपैकी कुठल्या बदलाचं आहे, हे आठवणीवर सोडून चालत नाही.

झाड बियांपासूनचं की फांदीचं?

ही तपासणी फुकट आहे आणि कधी कधी सगळा प्रश्न इथेच संपतो. फांदी लावून केलेलं झाड पहिल्या-दुसऱ्या हंगामात फुलू शकतं. बियांपासून वाढवलेल्या झाडाला साधारण तीन वर्षं लागतात, कुंडीत आणि कमी उन्हात याहूनही जास्त. शिवाय बीजाच्या झाडाचं फूल आईसारखंच निघेल याची खात्री नसते.

ओळखायचं कसं? बियांचं झाड जमिनीतून सरळ एकाच खोडाने वर येतं आणि त्याचा बुंधा तळाशी किंचित फुगीर असतो. फांदीपासून केलेल्या झाडाचं खोड जमिनीत शिरतानाही तितकंच जाड राहतं. बुंध्याच्या वर इंग्रजी व्ही अक्षरासारखा सांधा दिसला तर ते पाचर कलम आहे. कलमी झाडात सांध्याच्या खालून फुटलेला प्रत्येक धुमारा काढून टाकावा लागतो. तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचा असतो, जोमाने वाढतो आणि वरच्या निवडक जातीचा जीव घेतो. लाल फुलांचं म्हणून आणलेलं झाड काही वर्षांनी पांढरं फुलू लागलं, तर बहुतेक वेळा असंच घडलेलं असतं: वरचं कलम मेलं आणि खुंट वाढला.

चाफ्याला शेंगा क्वचितच धरतात, म्हणून बियांची झाडं तुलनेने कमी दिसतात. त्याच्या फुलात मध नसतो. रात्री वाढणाऱ्या सुगंधाने पतंग येतात, मध शोधत एका फुलातून दुसऱ्यात जातात आणि परागीभवन झालं तर असंच होतं. शेंगा धरल्याच तर जोडीने येतात.

झाड बीजाचं असेल आणि दोनच वर्षांचं असेल, तर तुमच्याकडे दोष नाही, फक्त वेळ जायचा आहे. ऊन आणि पाणी सांभाळा, बाकी काही करू नका.

ऊन मोजा, अंदाज करू नका

फूल न येण्याचं सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण हेच. चाफ्याला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं, आणि आठ मिळालं तर उत्तम. ‘जागा चांगली उजेडाची आहे’ हे उत्तर मी मोजमाप म्हणून धरत नाही. आपल्या डोळ्यांना सावलीतला उजेडही भरपूर वाटतो. झाडाला फुलोरा घडवायला जितकी साखर लागते तितकी त्या उजेडात तयार होत नाही. मिळालेल्या तुटपुंज्या उजेडात झाड आधी पानं मोठी करतं, फुलाचा विचार नंतर.

एक सुट्टीचा दिवस काढा. सकाळपासून दर तासाला कुंडीकडे बघा आणि पानांची धारदार सावली पडते का ते लिहा. कडा स्पष्ट असलेली सावली म्हणजे थेट ऊन. कडा विरलेली असेल तर तो तास धरू नका. काचेमागचं ऊन मी अर्धंच धरते. ही मोजणी वाढीच्या हंगामात करायची, कारण थंडीत सूर्य खाली असतो आणि गच्चीवर किंवा बाल्कनीत ऊन येण्याची जागा पूर्ण बदलते.

झाड स्वतःही याची नोंद ठेवतं. फांदीवरचे वण बघत खालून वर या. जिथे ते दाट आहेत त्या काळात ऊन पुरेसं होतं, जिथे विरळ झाले तिथून ते कमी पडायला लागलं. शेजारी भिंत उभी राहिली, वरच्या मजल्यावर छत आलं, दुसरं झाड मोठं झालं, असं काहीतरी त्या सुमाराला घडलेलं असतं.

कुंडी हलवायची असेल तर सावलीतून एकदम भर उन्हात नेऊ नका, पानं आणि फांद्यांची साल करपते. दहा-बारा दिवसांत टप्प्याटप्प्याने न्या. फुलोरा दिसू लागला असेल तर तो फुलून जाईपर्यंत जागा तशीच ठेवा. पुरेसं ऊन मिळण्यासारखी जागाच नसेल, तर चमच्यासारख्या पानांचा, पांढऱ्या फुलांचा प्लुमेरिया पुडिका (चाफ्याचीच एक जात) लावा. त्याला सुगंध जवळजवळ नसतो, पण कुंडीत तो बाकीच्यांपेक्षा सहज फुलतो.

शेंडे कोणी कापले?

चाफ्याचा फुलोरा फांदीच्या टोकावरच येतो, कडेला येत नाही. फुलोरा आला की त्या टोकाची वाढ थांबते आणि त्याच्या खालून दोन-तीन नव्या फांद्या फुटतात. त्या वाढतात, पिकतात आणि त्यांच्या टोकांवर पुढचे फुलोरे येतात. झाडाचा सगळा आकार याच क्रमातून घडतो. म्हणून दर वर्षी ‘झाड दाट व्हावं’ म्हणून सगळे शेंडे खुडणारा माणूस दर वर्षी येणारी फुलं खुडत असतो. झाड दाट होतं, देखणंही दिसतं, आणि फुलत नाही.

छाटलेल्या जागेतून फुटलेल्या फांदीला फुलण्याइतकी जाड आणि पक्व व्हायला बहुधा एक पूर्ण हंगाम लागतो. कुंडीत ऊन कमी असेल तर दोन. तुमच्या झाडाच्या फांद्यांना सपाट कापलेली टोकं दिसतात का, आणि ती सगळ्याच फांद्यांना आहेत का, ते पाहा. तसं असेल तर निदान झालं. उपाय एकच: कात्री ठेवून द्या.

छाटणी खरोखर गरजेची असेल, म्हणजे झाड एका बाजूला कलंडलं आहे, फांद्या एकमेकींवर घासतात किंवा कुंडीला वरचं वजन पेलवत नाही, तर ती थंडी सरताना, नवी पालवी फुटण्याआधी करा. एका वर्षी एक तृतीयांशापेक्षा जास्त फांद्यांना हात लावू नका. उरलेल्यांवर त्या वर्षीची फुलं येतील. पात्याला ७० टक्के अल्कोहोल लावून पुसून घ्या आणि हातमोजे घाला. चिकाने त्वचेची आग होते, डोळ्यात गेला तर जास्तच त्रास देतो.

इथे एक गोष्ट ओळखायला शिकावी लागते. पालवी फुटण्याच्या दिवसांत शेंड्यावर वाकलेल्या नखांसारखं काहीतरी वर येतं आणि लोक त्याला कळ्या समजतात. ती नवी पानं असतात, चकचकीत आणि टोकदार. फुलोऱ्याचा देठ वेगळा असतो: जाडसर, वर सरळ येणारा, आणि त्याच्या टोकावर बारीक बोथट गाठींचा पुंजका. त्या गाठी म्हणजे कळ्या. हा देठ दिसल्यापासून पहिलं फूल उमलेपर्यंत कित्येक आठवडे जातात. या काळात धीर सोडून खत घालू नका.

पाणी: हंगाम बघून, वार बघून नव्हे

दर दोन दिवसांनी एक तांब्या, असं ठरवून दिलेलं पाणी चाफ्याला मानवत नाही. भर उन्हाळ्यात पूर्ण पानांवर असलेलं झाड भरपूर पाणी पितं. थंडीत पानं गळाली की पानांतून होणारं बाष्पीभवन थांबतं, मुळं पाणी उचलत नाहीत, आणि तुम्ही घातलेला तांब्या आठवडाभर मातीतच राहतो. ओल्या, थंड, हवा नसलेल्या मातीत मुळं कुजतात. निष्पर्ण झाड बघून ‘वाळतंय वाटतं’ म्हणून पाणी वाढवणं, या एका चुकीने कुंडीतले जितके चाफे जातात तितके कुठल्याच किडीने जात नाहीत.

तपासायला लाकडी काडी पुरे. कुंडीच्या कडेने बोटभर नव्हे, वीतभर खोल घाला, पाच मिनिटांनी काढा. काडीच्या वरच्या दोन इंचांतही ओली माती चिकटली असेल तर पाणी नको. कुंडी उचलता येण्यासारखी असेल तर वजनाचा अंदाज सर्वांत चांगला. पानं असताना, वरची दोन इंच माती कोरडी झाली की कुंडीच्या तळातून वाहीपर्यंत पाणी द्या आणि तळाशी ठेवलेली ताटली रिकामी करा. पानं नसताना पाणी जवळजवळ बंद. फांद्या फारच आकसल्या तर महिन्यातून एखादा घोट, तोही उबदार दिवशी. नवी पालवी बोटभर झाली की पुन्हा हळूहळू सुरू करा.

आता सुरकुतलेल्या फांद्यांबद्दल. माती कोरडी आणि फांदी आकसलेली पण टणक असेल, तर झाड तहानलेलं आहे, एक-दोन चांगल्या पाण्यांत ते भरून येतं. माती ओली आणि तरीही फांदी सुरकुतलेली, दाबल्यावर मऊ असेल, तर मुळं कुजली आहेत आणि त्यामुळे झाडाला पाणी मिळत नाही. दोन्ही झाडं लांबून सारखीच दिसतात. मातीत काडी घातल्याशिवाय पाणी देऊ नका, कारण दुसऱ्या झाडाला दिलेलं पाणी त्याचा शेवट करतं.

कळीगळीतही पाण्याचा हात असतो. फुलोरा असताना कुंडी एकदा खडखडीत कोरडी आणि एकदा चिंब, असं होत राहिलं की झाड आधी कळ्या टाकतं. रात्रीचं तापमान एकाएकी खूप उतरलं तरी तेच होतं. पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागला की झाड विश्रांतीला लागतं. उशिरा आलेले फुलोरे तेव्हा उमलत नाहीत. त्यावर उपाय नाही आणि त्याची गरजही नाही.

खत आणि क्षार

शेणखत, गांडूळखत, युरिया, जे काही हाताशी असेल ते महिन्याला घातलं जातं. यांपैकी युरियासारख्या नत्रप्रधान खताने पानं माजतात, पेरं लांबतात, फुलोरा मागे पडतो. पहिल्या लक्षणातली मऊ, मोठी पानं तुमच्याकडे असतील आणि ऊन पुरेसं मोजलेलं असेल, तर वाढीच्या एका संपूर्ण हंगामात नत्र बंद ठेवून बघा.

याच्या उलट सल्लाही खूप मिळतो: फुलांसाठी भरपूर स्फुरद द्या. मी तो देत नाही. कुंडीतल्या मातीत स्फुरदाची कमतरता सहसा नसते, आणि जास्तीचा स्फुरद लोह आणि जस्त मुळांना मिळू देत नाही. मग पानं शिरांमध्ये पिवळी पडतात आणि नवाच आजार सुरू होतो. पालवी फुटताना सूक्ष्म अन्नद्रव्यं असलेलं, हळूहळू विरघळणारं संतुलित खत एकदा, वेष्टनावर सांगितलेल्याच्या निम्म्या मात्रेत, एवढं पुरेसं आहे. हंगाम संपायच्या दीड-दोन महिने आधी सगळं खत थांबवा. उशिरा निघालेली कोवळी वाढ थंडी येण्याआधी पिकत नाही, आणि शेंडेमर बहुतेक अशाच कोवळ्या टोकांवर पडते.

कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरट पापुद्रा दिसतो का? ते क्षार आहेत, काही खताचे, काही जड पाण्याचे. पानांच्या कडा करपल्यासारख्या झाल्या असतील तर कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट पाणी सावकाश ओतून माती धुवून काढा. निचरा चांगला असेल तरच हे करा, आणि पानं असतानाच. नवी पानं तरीही पिवळी येत राहिली तर चिलेट स्वरूपातलं, म्हणजे मातीत अडकून न पडता मुळांना घेता येईल असं लोह द्या. माती किंवा पाणी अल्कधर्मी असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटच टिकतं, बाकीचे लवकर निकामी होतात.

कळ्यांवर आणि पानांखाली कोण आहे?

पांढऱ्या कागदावर फुलोरा हलकेच झटका. तांदळाच्या कणीहून बारीक, लांबुडके, पिवळसर किंवा काळपट जीव कागदावर धावू लागले तर ते फुलकिडे. ते कळ्यांच्या आत शिरून रस शोषतात, म्हणून बाहेरून काही दिसत नाही आणि कळ्या मात्र गळतात. पानाखालून तोच कागद धरून झटकल्यावर लालसर ठिपके हलले तर लाल कोळी. कोरड्या गरम हवेत ते वाढतात आणि पान वरून धुरकट, ठिपकेदार दिसू लागतं. फांदीवर मुंग्यांची रांग असेल तर तिच्या मागे जा. बहुतेक वेळा शेवटी पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड सापडते.

पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून, सकाळी, तीन-चार दिवसांच्या अंतराने काही वेळा. लाल कोळ्यांना एवढ्यानेच बहुधा आळा बसतो. पिठ्या ढेकणांना अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. त्यानंतरही उरले तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य साबण, ऊन उतरल्यावर. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा.

तांबेरा कोलिओस्पोरियम बुरशीमुळे येतो. पडलेली पानं गोळा करून टाकून द्या, कंपोस्टमध्ये घालू नका, पाणी पानांवरून देणं थांबवा आणि कुंड्यांमध्ये वारं खेळू द्या. हंगामाच्या शेवटी आला तर मी फवारणी करत नाही, ती पानं तशीही गळणार असतात.

कुंडी आणि मुळं

इथपर्यंतचं सगळं करून पुढचा हंगामही कोरा गेला, तरच कुंडी उपसा. ही मेहनत आहे, आणि दर वेळी काही मुळं तुटतातच. वेळ तीच, थंडी सरताना.

उपसण्याआधी निचरा बघा. वरून भरपूर पाणी ओता. अर्ध्या मिनिटानंतरही पाणी मातीवर उभं असेल तर माती घट्ट झाली आहे किंवा तळाची भोकं बुजली आहेत. भोकं काडीने मोकळी करून पुन्हा बघा, कधी कधी तेवढंच असतं. तळाला खडीचा थर दिला आहे म्हणून निचरा चांगला, असं मानू नका. बारीक मातीतलं पाणी खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे खडीमुळे ओला थर उलट मुळांच्या जवळ सरकतो. जाडसरपणा सगळ्या मातीभर हवा, फक्त तळाशी नको.

गड्डा बाहेर काढल्यावर मुळं पाहा. पांढरट, टणक मुळं चांगली. तपकिरी, दुर्गंधी येणारी, ओढल्यावर साल सुटून दोरा हातात राहणारी मुळं कुजलेली. गड्ड्याभोवती मुळांचे दाट वेढे असतील तर झाड कोंडलं आहे. थोडं कोंडलेलं चाफ्याला चालतं. पाणी घातल्याबरोबर नुसतं कडेने वाहून जात असेल तेव्हा मात्र बदललं पाहिजे. बाहेरचे वेढे साधारण एक चतुर्थांशापर्यंत कापा आणि दोन इंच जास्त व्यासाच्या कुंडीत लावा, त्याहून मोठ्या नको. छातीपर्यंतच्या झाडाला बारा ते चौदा इंचांची जड कुंडी पुरते. मोठ्या कुंडीत मुळं न पोहोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कूज तिथूनच सुरू होते.

मातीत निम्मा भाग जाड काहीतरी हवं: पर्लाइट, प्युमिस, विटांचे बारीक तुकडे किंवा जाड वाळू. उरलेल्यात कुजलेलं कंपोस्ट आणि थोडं कोकोपीट. नुसत्या कोकोपीटमध्ये चाफा लावू नका. मुळं कापली असतील तर आठवडाभर पाणी देऊ नका, जखमा सुकू द्या. खोड काठीला बांधा, वाऱ्याने झाड डुलत राहिलं की नवी मुळं फुटतात तशी तुटतात.

कूज

मऊ भाग खालून वर चढत असतो, म्हणून वरचा चांगला भाग तोडून वाचवायचा. मऊ भागाच्या बरंच वर, स्वच्छ पात्याने कापा. कापाच्या मध्यभागी पाहा: गाभा पांढरा किंवा हिरवट-पांढरा आणि चीक भरपूर असेल तर ठीक. तपकिरी ठिपका, अगदी टाचणीच्या डोक्याएवढा असला तरी, आणखी वर कापा. दर कापाआधी पातं पुसा, नाहीतर कूज तुम्हीच वर नेता. स्वच्छ तुकडा मिळाला की पानं काढून, सावलीत, हवेशीर जागी एक-दोन आठवडे सुकवा, काप कोरडा आणि कडक होईपर्यंत. मग जाडसर कोरड्या मिश्रणात लावा, पानं फुटून मुळं धरेपर्यंत पाणी जेमतेम द्या. मुळं धरायला सहा-आठ आठवडे लागतात. थंडीत हे करावं लागलं तर तुकडा कोरड्या जागी ठेवून ऊब येईपर्यंत थांबा, तो टिकतो. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

शेंडेमर असेल तर घाई नको. काळा भाग वाळून थांबला आणि खाली टणक आहे, तर तसाच राहू द्या, तिथून नव्या फांद्या फुटतील. काळेपणा खाली सरकत असेल तरच वरच्याच पद्धतीने कापा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पानांवर फिकट-गडद हिरव्या रंगाची नक्षी, कडी किंवा पट्टे दिसत असतील, खत-पाणी बदलूनही नव्या पानांवर तेच येत असेल आणि फुलांच्या रंगातही तुटक पट्टे असतील, तर विषाणूचा संशय घ्या. फ्रँजिपानी मोझॅक हा चाफ्याचा ओळखीचा विषाणू कात्रीने आणि कलमांतून पसरतो. त्यावर औषध नाही आणि नुसतं बघून खात्रीही होत नाही, प्रयोगशाळेत तपासावं लागतं. तोवर त्या झाडाची फांदी कोणाला देऊ नका. या विषाणूसाठी अल्कोहोल पुरेसं धरू नका: एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांत कात्री बुडवून ठेवा, मग धुवून पुसा.

मुख्य खोडाला भोकं असतील, त्यातून भुसा किंवा काळपट चिकट द्रव येत असेल, तर आत खोडकिडा आहे. बाजूच्या फांदीत असेल तर फांदी कापून नष्ट करता येते. मुख्य खोडात असेल तर किती आत पोखरलं आहे ते बाहेरून कळत नाही, आणि भोकात वाटेल ते कीटकनाशक ओतणं धोक्याचं आहे. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारी कीटकनाशकं घरात, मुलं-जनावरं वावरतात तिथे, स्वतःच्या अंदाजाने वापरू नका.

कुंडी एकट्याने हलत नसेल, झाड डोक्याहून उंच असेल आणि ते गच्चीच्या किंवा बाल्कनीच्या कडेला असेल, तर कुंडी बदलण्याचं काम माणसं आणि दोर असलेल्या अनुभवी माळ्याला द्या. चाफ्याची फांदी दिसते त्याहून जड असते आणि ओढल्यावर पटकन मोडते. चीक डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि डॉक्टरकडे जा.

वनस्पती-रोगतज्ज्ञाकडे जाताना एकच पिवळं पान नेऊ नका. रोगट आणि निरोगी भागाच्या सीमेवरचा तुकडा, एक नवं आणि एक जुनं पान, मूठभर माती थोड्या मुळांसकट, हे सगळं वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत न्या. प्लास्टिकच्या पिशवीत नमुना घामेजून कुजतो आणि मग मूळ रोग कुठला, नंतर चढलेली बुरशी कुठली हे सांगता येत नाही. सोबत संपूर्ण झाडाचा फोटो, उन्हाच्या तासांची नोंद आणि तुम्ही केलेल्या बदलांच्या तारखा द्या.